सीडी घेत नव्हता म्हणून

"कॉम्प्युटर सीडी घेत नाही, जरा येऊन बघा की," एवढाच फोन होता. सांगलीच्या गावभागातला छोटा ऑफसेट छापखाना, मालक सत्तरी ओलांडलेले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो.

टेबलावर 2004 सालचा पेंटियम फोर होता. 80 जीबीची जुन्या पद्धतीची (आयडीई) हार्डडिस्क, 52 एक्सचा सीडी ड्राइव्ह, विंडोज एक्सपी. असा सेट दिसला की आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातली माणसं खुर्चीवर न बसताच सांगतात, भंगारात द्या, नवीन घ्या. मागं काय जोडलंय ते वाकून कुणी बघत नाही. मी बघितलं. प्रिंटरच्या 25 पिनांच्या पोर्टला मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे नक्कल रोखणारी छोटी डबी, लावलेलं होतं. ते लॉक असेल तर फाँट चालतो, फाँट चालला तर पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधली मराठी वाचता येते, आणि नवीन कॉम्प्युटरला तो पोर्टच येत नाही. गिऱ्हाइकाने रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू अशी बेडी घालून विकणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

काकांना त्यातलं एकच काम हवं होतं. जवळच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेने बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. 2006 साली त्याचं पुस्तक इथंच छापलं, 500 प्रती. बाई आता नाहीत, मुलीला नवीन आवृत्ती काढायची आहे. हस्तलिखित आणि उरलेल्या प्रती छापखान्याच्याच कपाटात होत्या, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी त्या कपाटाच्या वर गेलं. कॉम्प्युटर तेवढा काकांनी आणि त्यांच्या मशीनमनने आदल्या रात्री माडीवर नेऊन ठेवला होता.

चालू केला की काळ्या पडद्यावर 'डिस्क बूट फेल्युअर' यायचं आणि तिथंच थांबायचं. माझ्याआधी एक पोरगा चार दिवस येऊन गेला होता. विंडोज नव्याने टाकायला त्याने सीडी घालून घालून बघितली, शेवटी ड्राइव्ह खराब आहे म्हणून सोडून दिलं.

मी कीबोर्डवर डिलीट दाबत बसलो, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाईना. काकांचा कीबोर्ड यूएसबीचा, आणि विंडोज सुरू होण्याआधी हा मदरबोर्ड यूएसबी ओळखत नव्हता. पिशवीतून जांभळ्या पिनचा जुना पीएस-टू कीबोर्ड काढून लावला. आत शिरलो तर तारीख 2003 ची. म्हणजे बोर्डवरचा सेल गेला. सीआर 2032, रुपयाच्या नाण्याएवढा, तीन व्होल्टचा. दुकानात मशीन सतत प्लगला असतं, तेव्हा सेल मेला तरी पॉवर सप्लायच्या जोरावर सेटिंग टिकतं. काका मात्र रोज संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करूनच घरी जातात. त्यामुळे 'आधी सीडी, मग हार्डडिस्क' असं कुणीही सेट केलं तरी सकाळी सगळं मूळ पदावर. सेल बदलला, सेट केलं, माझी लिनक्सची सीडी घातली, विंडोजशिवाय थेट सीडीवरून मशीन चालू करणारी. ड्राइव्ह घुंई करून फिरला, दिवा दोनदा लुकलुकला, आणि पुन्हा तेच वाक्य.

मग ड्राइव्ह उघडला. छापखान्यातले ड्राइव्ह मी आधीही उघडलेत, पण असं बघितलं नव्हतं. ऑफसेटमध्ये ओल्या शाईचा कागद वरच्या कागदाला लागू नये म्हणून स्टार्चची बारीक पावडर फवारतात. ती हवेत तरंगते आणि सगळीकडे बसते. लेन्स म्हणजे काचेसारखा छोटा थेंब, बारीक तारांवर लोंबकळणारा. त्याच्यावर पावडर आणि शाईच्या धुराचा मिळून पिवळट पापुद्रा जमला होता. लेझर खालून त्यातूनच जायचा आणि परत त्यातूनच यायचा. कारखान्यात छापून आलेली सीडी असा ड्राइव्ह कशीबशी वाचतो, घरी राइट केलेलीला मात्र तो हात टेकतो, कारण तिच्यावरून उजेड कमी परततो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल लावून, जोर न देता, आतून बाहेर, तीन काड्या. चौथी पांढरी निघाली. लेन्स सरकते त्या रेलवर ग्रीसचा ठिपका लावला, झाकण बसवलं.

सीडी घेतली. लिनक्सचा पेंग्विन पडद्यावर आला. काका टाळी वाजवायचे बाकी होते.

तेवढ्यात त्या पोराने विसरलेली डिस्क मला टेबलावर दिसली. विंडोज सेव्हनची, डीव्हीडी. काकांचा ड्राइव्ह फक्त सीडीचा. डीव्हीडीला 650 नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, याच्यात 780 चा. लेन्स आरशासारखी लखलखीत असती तरी ती डिस्क चालली नसती. पोराने ड्राइव्हच्या तोंडावरचा शिक्का वाचला असता तर दुसरा ड्राइव्ह लावला असता, डिस्क चालली असती, आणि त्याने रिवाजाप्रमाणे सी ड्राइव्हला फॉरमॅट मारून विंडोज टाकलं असतं. काकांचं सगळं काम सी मध्ये होतं, माय डॉक्युमेंट्समध्ये. मी काकांना विचारलं, "आत काय आहे, असं त्याने विचारलं होतं का?" काका म्हणाले, "नाही. तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

ते खरं होतं. ओव्यांची गोष्ट काकांनी स्वतःहून, मी स्क्रू काढत असताना सांगितली होती.

आणि खरी चूक तर पुढे होती. लिनक्स सुरू झालं तसे पडद्यावर हार्डडिस्कचे एरर धडाधडा यायला लागले, आणि तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. टक्, टक्, थोडं थांबून टक्. तो आवाज मी आल्यापासून चालू होता. शेजारी छपाई चालू होती, आणि माझं सगळं ध्यान सीडीत. मरायला टेकलेली डिस्क जितका वेळ फिरते तितकं तिच्यावरचं कमी होतं, हे मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. बूट न होणारं मशीन उघडलं की आधी हार्डडिस्कची पॉवर पिन काढायची, मग बाकीचं. मी सव्वा तास ती फिरू दिली.

पिन ओढली. डिस्क घरी नेली, कन्व्हर्टरवर लावून लॅपटॉपला जोडली, खाली बर्फाच्या पिशवीऐवजी नुसता टेबल फॅन. (बर्फात ठेवायचा सल्ला देणाऱ्यांनी डिस्कवर पाणी सुटलेलं कधी बघितलेलं नसतं.) डीडीरेस्क्यू लावलं, खराब डिस्कवरचं उचलून कॉपी करणारं सॉफ्टवेअर. चांगला भाग ते आधी उचलतं, अडला की उडी मारून पुढं जातं, आणि कुठं अडलं त्याची नोंद ठेवून शेवटी एकेक जागा पुन्हा घासून बघतं. रात्रभर चाललं. पहाटे सव्वा मेगाबाइट सोडून सगळं आलं होतं. 80 जीबीत सव्वा मेगाबाइट, मला वाटलं जिंकलो.

तेवढ्याच क्षमतेची जुनी आयडीई डिस्क माझ्याकडे होती, तिच्यावर ती कॉपी उतरवली. मशीन जिथून सुरू होतं तो डिस्कचा बूट सेक्टर गेलेलाच होता. काकांकडे एक्सपीची मूळ सीडी होती, ती आता ड्राइव्हने पहिल्या झटक्यात घेतली. तिच्यातल्या रिकव्हरी कन्सोलमधून तो दुरुस्त करणारे दोन हुकूम दिले, फिक्सएमबीआर, फिक्सबूट. मशीन उठलं. लॉक ओळखलं, पेजमेकर उघडलं.

काका पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांनी सेव्ह करतात, अकरा फॉर्मे, अकरा फाइली. दहा उघडल्या. पाचवा उघडेना. पान 65 ते 80.

ती फाइल मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. जुन्या फाँटची मराठी तिथं इंग्रजी अक्षरांच्या काड्यांसारखी दिसते. तो कचरा उचलून पेजमेकरमध्ये टाकला, फाँट लावला, आणि ओव्या उमटल्या, 71 व्या पानापर्यंत. पुढं नुसती शून्यं. काका चष्मा वर करून पडद्याजवळ आले आणि म्हणाले, "इथून पुढं माहेरच्या ओव्या होत्या."

पहिल्या दिवशी पिन आधी काढली असती तर ती नऊ पानं मिळाली असती का, ते सांगता येत नाही. त्या पोराच्या चार दिवसांतच गेली असतील, किंवा त्याच्याही आधी. पण मला माझा सव्वा तास सोडत नाही. मी काकांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. पैसे घेतले ते सेल, डिस्क आणि एका दिवसाचे.

काका रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले, मग मशीनमनला म्हणाले, "शिडी आण." छपाईची प्लेट करण्याआधी ते पानं बटर पेपरवर काढायचे, आणि जुने बटर पेपर माळ्यावर टाकायची सवय. पुराचं पाणी माळ्यापर्यंत पोचलं नव्हतं. गठ्ठ्यांवर काहीच लिहिलेलं नाही, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची पत्रकं सगळं एकात एक. परवा फोन केला तेव्हा दुसरा, तिसरा आणि नववा फॉर्मा सापडला होता. पाचवा अजून नाही. रोज दुपारी एक गठ्ठा सोडतो म्हणाले.