ड्युटी लिस्ट लागली त्या दिवशी

नवीन ड्युटी लिस्ट बोर्डावर लावली त्या सोमवारी आमच्या लायब्ररीत अकराच्या चहाला कोणी फिरकलंच नाही, तेव्हाच कळलं की आज काहीतरी होणार. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स थेट स्क्रीनवर, त्यामुळे पिरिऑडिकल सेक्शनमधलं अंक आला की कार्डेक्सवर, म्हणजे अंकांच्या नोंदकार्डावर, टिक, नाही आला की रिमाइंडर, हे काम जवळजवळ संपलंच. आणि इकडे थिसिसच्या प्लेजरिझम चेकिंगला, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का ते तपासायला, ही रांग, टेबलावर माणूस एकच. नवीन भरतीचं तर विचारूच नका. आहेत तीच माणसं इकडची तिकडे करायची, दुसरं काय!

लिस्टमध्ये प्लेजरिझमच्या टेबलावर टाकलेल्या पिरिऑडिकलच्या मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या, बसल्यासुद्धा नाहीत. "सर, कॉम्प्युटरचं जमेल हो, पण पीएचडीची मुलं हुज्जत घालायला लागली की मी काय सांगू? मी साधी क्लार्क."

दुपारी पहिल्याच रिपोर्टमध्ये जुळणारा मजकूर २७ टक्के. त्यात गाइडचा फोन. मॅडमनी चष्मा लावला आणि कार्डेक्स तपासायच्या तसा एकेक रंगवलेला भाग बघत गेल्या. "अहो, यात संदर्भसूची पण मोजलीय की!" ती वगळल्यावर आकडा ८ वर आला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत चालतं आणि संदर्भसूची मोजायचीच नसते, पण सेटिंग कोण बघतो?

पुढचा रिपोर्ट मात्र ३४, आणि त्यात दुसरं प्रकरण जवळजवळ अख्खं दुसऱ्याच्या थिसिसमधलं, शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन भांडारातली लिंकच समोर. तो पोरगा म्हणे, मॅडम थोडं ॲडजस्ट करा ना. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाळा, न आलेला अंक आला असं मी आजवर कधी लिहिलं नाही. प्रकरण परत लिहून आण." मी दारात उभा होतो, आत गेलोच नाही, गरजच नव्हती. असली नजर ट्रेनिंगमध्ये कोण शिकवणार हो?

काउंटरच्या मामांनी मात्र लिस्टवर अजून सही केलेली नाही. त्यांना नोंद न करता पुस्तक नेलं की वाजणाऱ्या आरएफआयडी गेटवर टाकलंय, तर म्हणतात गेट वाजलंच नाही आणि पुस्तक बाहेर गेलं तर वसुली कोणाच्या पगारातून, ते आधी लेखी द्या. रास्त आहे त्यांचं. फाइल रजिस्ट्रार ऑफिसला पाठवलीय, ती तिथून कधी हलते बघू.