नव्वद मीटर खालचा दोर

व्हँकुव्हरजवळ बोटी दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या शेडमध्ये मी फिटर आहे. गेल्या वसंतात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ खांदा चोळत आत आले. कोळंबीचे पिंजरे हाताने ओढणं आता जमत नव्हतं, आणि विकतचं यंत्र त्यांच्या खिशाबाहेरचं होतं. "बॅटरीवर चालणारं काही बनवून देशील का?" मी लगेच हो म्हटलं. मी अर्नाळ्याचा, डोलकराचा मुलगा. दोर ओढून निकामी झालेले खांदे मी घरात पाहिले आहेत.

पण आपल्याकडे भरती-ओहोटीचं पाणीच कोळंबी डोलीत, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यात, आणून भरतं. इथली पांढऱ्या ठिपक्यांची कोळंबी हाव साउंड या समुद्री खाडीच्या खडकाळ तळाशी राहते. हे गृहस्थ ९० मीटरवर पिंजरे टाकत. एका परवान्यावर चार पिंजरे, म्हणून दोन-दोनचे दोन दोर, प्रत्येकी १२० मीटर. दोर पाण्यात बुडणाराच लागतो, तरंगणारा दुसऱ्या बोटीच्या पंख्यात जातो.

कागदावर हिशेब मांडला. पिंजरे, शिसं भरलेला दोर आणि पाण्याचा रेटा मिळून ३० किलोचा ताण. सेकंदाला अर्धा मीटर वेगासाठी १५० वॉट, गिअरमध्ये वाया जाणारं धरून दुप्पट. म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर. भंगारात व्हीलचेअरच्या दोन मोटरी मिळाल्या. २४ व्होल्टच्या, पण १२ वर निम्म्या गतीने फिरतात, मिनिटाला साधारण ६० फेरे. मला तेवढेच हवे होते. २० सेंटिमीटर व्यासाच्या दोन ॲल्युमिनियमच्या बशा लेथवर काढल्या आणि पाठीला पाठ लावून जोडल्या. मधल्या खाचेत दोर रुततो आणि ताण वाढेल तसा घट्ट बसतो. पलीकडून तो सोडवून टबात पाडायला एक चपटी पट्टी. पहिल्यांदा अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरली, तर एक व्होल्ट वायरीतच गेला आणि ती हाताला कोमट लागली. मग दहाची टाकली. बॅटरीजवळ ४० अँपिअरचा ब्रेकर, पायाखाली स्विच, पाय उचलला की मोटर बंद. कडेबाहेर झुकणाऱ्या लोखंडी हाताच्या टोकाला कप्पी लावली आणि दोर उडू नये म्हणून तिच्यावर सगळीकडून पत्र्याचं कवच वेल्ड केलं.

मोटरीला एक कळ होती. खुर्चीची बॅटरी संपली तर माणसाला ती ढकलता यावी म्हणून गिअर सोडवणारी. ती माझ्या ब्रॅकेटला आड येत होती. मी ती कापून टाकली.

रात्री फोनवर बाबांना यंत्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दोर तळाला अडकला तर?"

"ब्रेकर पडेल ना, बाबा. मोटर बंद."

"मोटर बंद होईल रे. दोर सुटेल का?"

मी विषय बदलला.

जुलैतल्या एका सकाळी आम्ही दोघं त्यांच्या १६ फुटी बोटीतून गेलो. पहिला दोर चार मिनिटांत वर आला. पिंजऱ्यात कोळंबी टपटप उड्या मारत होती आणि ते माझा हात धरून हसत होते. दुसरा दोर थोडा आला आणि थांबला. मोटर गुरगुरली, ब्रेकर पडला. पिंजरा खडकात अडकला होता. तेवढ्यात मघाशी गेलेल्या फेरीबोटीच्या लाटा आमच्यापर्यंत पोचल्या. लाटेवर बोटीला वर जायचं होतं, आणि दोर तिला जाऊ देत नव्हता. मोटरीतला वर्म गिअर दोराच्या ओढीने उलटा फिरत नाही. कप्पीला कवच, त्यामुळे दोर उचलूनही काढता येईना. बोटीची ती कड खाली गेली आणि पाणी आत आलं, घोट्यापर्यंत. आजोबा त्याच कडेला होते. "पलीकडे व्हा!" मी ओरडलो. त्यांनी कमरेचा सुरा माझ्याकडे सरकवला. पातं दोराला जेमतेम टेकलं, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन दोर नाहीसा झाला.

वीस मिनिटं आम्ही काही न बोलता पाणी उपसत होतो. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. लाइफ जॅकेट होतं, पण इथल्या पाण्यात, त्या खांद्याने, त्या वयात, हे मी त्या आठवड्यात रोज रात्री मनात मोजत होतो.

यंत्र परत शेडमध्ये आणलं. भंगारातली दुसरी मोटर अजून शाबूत होती, कळीसकट. तिला वीतभर लांब दांडा जोडून लाल रंग दिला. कप्पीचं कवच एका बाजूने कापून उघडं केलं. मग छताला कप्पी बांधून दोरावर दोन भरलेल्या बादल्या टांगल्या आणि दहा वेळा कळ ओढली. दहाही वेळा बादल्या खाली आल्या. याचा व्हिडिओ बाबांना पाठवला. त्यांनी उलट फोन करून दांडा कोणत्या हाताला आहे एवढंच विचारलं.

ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो. या वेळी ९० मीटरवरून ओढताना मध्येच मुद्दाम त्यांना कळ ओढायला लावली. दोर सळसळत परत खाली गेला. परतताना त्यांनी जीपीएस पाहत बोट सावकाश केली. आमचे दोन पिंजरे तिथेच खाली होते. इथल्या नियमाप्रमाणे पिंजऱ्याच्या जाळीचा एक भाग साध्या सुती दोऱ्याने शिवलेला असतो. पिंजरा हरवला तर दोरा कुजून तुटतो आणि आतले जीव बाहेर पडतात.

"एवढ्यात तुटला नसेल," ते म्हणाले.

मी महिना मोजला. नसावाच.