तुम्ही विचारलंत म्हणून : पालेर्मोत शाकाहारी माणूस काय खातो?

इटलीतल्या सिसिली बेटावर जाऊन आले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही तर शाकाहारी, मग तिथे खाल्लंत काय?" स्वरात थोडी कीवही असते.

शंका अगदीच खोटी नाही. तिथल्या पालेर्मो शहराच्या बालारो बाजारात स्वोर्डफिशचं मुंडकं चोच आभाळाकडे करून मांडलेलं असतं. वासराची प्लीहा आणि फुप्फुस डुकराच्या चरबीत परतून पावात भरून देणारे गाडेही या शहराची शान. तरी मी तिथे पोटभर जेवले, आणि त्याचं श्रेय गरिबीला आहे. महालांत मांसमच्छी शिजायची, गल्लीतल्या घरांना ती परवडत नसे. मग नाव तेच ठेवायचं आणि भांड्यात भाजी घालायची!

लाल भोपळ्याचे काप तळून त्यावर लसूण, पुदिना, व्हिनेगर आणि साखर. या पदार्थाला म्हणतात 'सात तोट्यांची कलेजी'. सात तोट्या वुचिरिया बाजाराजवळच्या कारंज्याच्या, असं सांगतात. कलेजी कुठेच नाही. तारल्या, रानबडीशेपेचा पाला, बेदाणे, चिलगोजे, केशर घालून केलेला पास्ता इथला मानाचा. त्याची गरीब आवृत्ती म्हणजे 'तारल्या समुद्रातच राहिल्या' असा पास्ता. वर चीजऐवजी खरपूस भाजलेला पावाचा चुरा. मला हा चुरा चीजपेक्षा आवडला. मात्र विचारून घ्या, कारण तारल्या समुद्रात राहिल्या तरी चवीपुरती अँचोव्ही, म्हणजे खारवलेली छोटी मासळी, पुष्कळदा भांड्यात शिरलेली असते.

निर्धास्तपणे खायचं तर पानेल्ले. हरभऱ्याचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, पार्सली घालून सुरळीच्या वड्यांसारखं पातळ पसरायचं, गार झालं की कापून तळायचं. तीळ लावलेल्या पावात गरमागरम घालून वर लिंबू पिळून देतात. सोबत बटाट्याचे क्रोक्केही घ्या. त्याच तेलात मासे तळलेले चालत नसतील तर आधी कढईत डोकवा.

आणि कापोनाता! तळलेलं वांगं, सेलरी, ऑलिव्ह, केपरच्या खारवलेल्या कळ्या, टोमॅटो, आंबटगोड रस. वांगं सिसिलीत आणलं अरबांनी. 831 मध्ये त्यांनी पालेर्मो घेतलं, 1072 मध्ये ते उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांच्या हाती गेलं. पुढे त्यांच्या राजा दुसऱ्या रॉजरने बांधलेल्या पॅलेटाइन चॅपलचं लाकडी छत अरबी धाटणीचं आहे, ते मान दुखेपर्यंत पाहावं असंच. पण मला अरब भेटले ते ताटात : वांगं, लिंबू-संत्री, ऊस. त्यातलं वांगं आणि ऊस तर त्याही आधी आपल्याच बाजूने पश्चिमेला गेलेले. कापोनाता गरम मागू नका, ती निवल्यावरच मुरते.

काही ठिकाणी मात्र हात आवरता घ्या. 'बटर'ची म्हणून मिळणारी आरांचीना, म्हणजे भाताचा तळलेला गोळा, त्यात बहुधा हॅम, म्हणजे डुकराचं मांस, असतं. स्फिंचोने या जाड, लुसलुशीत पिझ्झ्यात अँचोव्ही असते. कान्नोली या नळीसारख्या मिठाईत भरलेलं रिकोटा (मऊ चीज) मेंढीच्या दुधाचं, गोड आणि झकास, पण बाहेरच्या नळीच्या पिठात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात. दुकानात 'स्ट्रुत्तो?' (म्हणजे डुकराची चरबी) एवढं विचारलं तरी पुरतं. हो म्हणाले तर बदामाचं ग्रानिता, म्हणजे बर्फाळ गोड गोळ्यासारखा प्रकार, मागवा. सकाळी ब्रिओश या मऊ, गोडसर पावासोबत ते खाणं हा तिथला रीतसर नाश्ता आहे, तेव्हा कुणी हसणार नाही.