तारीख आली, पण चातुर्मासात

मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन लॉ फर्ममध्ये पॅरालीगल आहे. सल्ला देणं आणि सही करणं वकिलांचं, फॉर्म भरणं, कागद मागवणं, क्लायंटचे फोन घेणं हे माझं. रोजचं काम तसं ठरलेलं असतं, कुणाचं एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन, कुणाचं एच-४ म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचं, कुणाच्या आईवडलांचा मुक्काम वाढवायचा म्हणून आय-५३९. पण २५ जुलै २०२४ चा गुरुवार माझ्या चांगला लक्षात राहिलाय.

सकाळी एका जुन्या क्लायंटचा फोन आला. "ताई, डिसेंबरमध्ये नाशिकला जायचंय, एपीवर जाऊ की एच-१ चं स्टॅम्पिंग घेऊ?" एपी म्हणजे ॲडव्हान्स परोल, ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग असताना बाहेर जाऊन परत यायची परवानगी, आणि स्टॅम्पिंग म्हणजे तिकडच्या अमेरिकन वकिलातीतून पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का. हा प्रश्न आम्हाला रोज येतो. मी फाईल उघडली आणि सहज विचारलं, किती दिवस जाताय, काही विशेष? तर म्हणाला, "हो ना, लग्न आहे माझं."

मी दोन सेकंद गप्पच बसले, कारण माझ्यासमोर त्याची फाईल होती. ईबी-२ इंडिया, म्हणजे नोकरीवरून ग्रीन कार्डची भारतीयांची एक रांग, आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, जून २०१२ चा शेवटचा आठवडा. ऑक्टोबर २०२० मध्ये तारखा एकदम पुढे सरकल्या तेव्हा इतर हजारो भारतीयांसारखं यानेही ईबी-३ या खालच्या रांगेत डाउनग्रेड करून आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, टाकलं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात ईबी-२ डिसेंबर २०१४ पर्यंत गेलं म्हणून परत ईबी-२ ला जोडून घेतलं, पण नंबर लागायच्या आत ऑक्टोबरमध्ये तारीख मागे गेली आणि हा पुन्हा रांगेत. आणि आता ऑगस्ट २०२४ चं बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत नंबर आला ते सांगणारं महिन्याचं सरकारी पत्रक, नुकतंच आलं होतं, त्यात ईबी-२ इंडिया १५ जुलै २०१२. म्हणजे १ ऑगस्टपासून हा करंट, याचा नंबर लागलेला. मेडिकलची आरएफई, म्हणजे कागद मागवणारी नोटीस, तिचं उत्तर आम्ही आधीच देऊन ठेवलेलं, फाईलमध्ये काही म्हणजे काही बाकी नव्हतं. ऑफिसरने मनात आणलं तर १ तारखेलाही अप्रूव्हल येऊ शकत होतं.

मॅरिटल स्टेटसच्या रकान्यात लिहिलेलं होतं, डिव्होर्स्ड.

मी विचारलं, मुलगी कुठे आहे? तर इथेच, फिलाडेल्फियाला. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स केलं, आता ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करतेय. जानेवारीत दोघं जाऊन नाशिकला साखरपुडा करून आले, डिसेंबरची तारीख धरली, हॉल बुक केला. आणि आमच्या ऑफिसला यातलं कुणी काही कळवलं नव्हतं, कारण त्यांच्या डोक्यात ग्रीन कार्ड ही एक गोष्ट आणि लग्न ही वेगळीच गोष्ट. बहुतेकांच्या डोक्यात असंच असतं आणि त्यात मला त्यांची चूक वाटत नाही, कुणी समजावूनच सांगत नाही.

तर प्रकार असा असतो. नोकरीवरून ग्रीन कार्ड मिळतं तेव्हा नवरा किंवा बायको त्याच अर्जावर, त्याच प्रायॉरिटी डेटवर सोबत येते, पण एकच अट, मुख्य माणसाचं ग्रीन कार्ड अप्रूव्ह व्हायच्या आधी लग्न झालेलं पाहिजे. एक दिवस आधी झालं असलं तरी चालतं. मग तिचा अर्ज नंतर गेला तरी ती त्याच रांगेत. आणि अप्रूव्हलनंतर एक दिवसाने लग्न झालं तर ती एफ२ए मध्ये, म्हणजे ग्रीन कार्डवाल्याचा जोडीदार ही वेगळी रांग, आणि ती रांग त्या महिन्यात अडीच वर्षांच्या वर मागे चालली होती. तोवर हिने इथे राहायचं कशावर? तिची ओपीटी एक वर्षाची, विषय स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत, बसत नाही म्हणून ती वाढणार नाही, पुढे एच-१बीची लॉटरी लागली तर लागली. नाहीतर परत जायचं आणि नवरा इकडे, बायको तिकडे. तो सिटिझन होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर अजून पाच वर्षं.

हे मी त्याला फोनवर सांगितलं नाही, ते माझं कामही नाही. मी सरळ आमच्या वकीलबाईंच्या केबिनमध्ये गेले, त्यांनी फाईल बघितली, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, दोघांना आजच बोलव.

दुपारी दोघं आले, ती फिलीहून ड्राइव्ह करून. वकीलबाईंनी दहा मिनिटांत सगळं मांडलं आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, आईला काय सांगू? आठवडाभरापूर्वीच आषाढी एकादशी झाली होती, चातुर्मास लागलेला. आता कार्तिकात तुळशीचं लग्न लागेपर्यंत घरात कुणाचं लग्न नाही, आणि यांना तर सहा दिवसांत लग्न करायला सांगतायत.

त्याने तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे बारा वाजून गेले होते. फोनवर आई, दादा, वहिनी आणि बहिणीचे यजमान सगळेच. भावजींनी तोडगा सुचवला की साखरपुड्याच्या तारखेचं लग्नाचं सर्टिफिकेट करून आणतो, ओळख आहे. वकीलबाईंना मराठी येत नाही, मी त्यांना सांगितलं तशा त्या लगेच म्हणाल्या की असा कागद या फाईलमध्ये आला तर मी केस सोडेन. मी मग मराठीत नीट समजावलं, की खोटी तारीख दाखवून इमिग्रेशनचा फायदा घ्यायचा प्रयत्न केला की तो मिसरिप्रेझेंटेशनचा ठपका आयुष्यभर राहतो, त्यातून सूट मिळवणं महाकठीण, आणि बारा वर्षं रांगेत उभं राहिलेल्या माणसाच्या फाईलमध्ये असला कागद घालायचा विचारसुद्धा करू नका. जरा जोरातच बोलले मी. पण असे कागद घातलेली माणसं मी नंतर रडताना बघितली आहेत, त्यामुळे तिथे माझा आवाज चढतोच.

मग आई बोलल्या. त्यांचा राग मुहूर्तावरून नव्हताच खरं तर. "पहिल्या वेळी घाईघाईत केलं हो सगळं, या वेळी मला सगळं नीट करायचं होतं." एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, डिसेंबरचं लग्न तुमचंच राहू द्या, इथे फक्त नोंदणी करायचीय, सरकारी कागदावर सह्या. त्यांनी पहाटे गुरुजींना विचारलं, गुरुजी म्हणाले नोंदणीला चातुर्मास आडवा येत नाही, विधी नंतर करा. ते एक मोठंच काम झालं.

पण मला काळजी होती ती तिची. एवढ्या सगळ्या बोलण्यात तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तो खाली कॉफी आणायला गेला तेव्हा वकीलबाईंनी तिला वेगळं बसवलं, मला सोबत ठेवलं आणि विचारलं, तुला हे या आठवड्यात करायचंय का? नाही म्हणालीस तर ते आमच्यासाठी पूर्ण उत्तर आहे. ती बराच वेळ बोलली. लग्न याच्याशीच करायचंय यात तिला शंका नव्हती, पण कागदासाठी घाईने करतोय असं नंतर वाटत राहील का, असं म्हणत होती. आणि दुसरं म्हणजे सासरचे म्हणत होते की नोंदणी झाली की लगेच एच-४ करून टाक, नवऱ्याच्या व्हिसावर ये म्हणजे सगळं एकत्र.

लग्न झालं म्हणून व्हिसा स्टेटस बदलावाच लागतो असा काही नियम नाही. एफ-१ वाली बाई लग्नानंतर एफ-१ वरच राहू शकते. आणि या केसमध्ये तर एच-४ म्हणजे हातचं सोडण्यासारखं होतं, कारण एच-४ नवऱ्याच्या एच-१बी वर उभं असतं, आणि त्याचं ग्रीन कार्ड अप्रूव्ह झालं की त्याचं एच-१बी स्टेटस संपतं, त्याबरोबर हिचं एच-४ पण संपलं. शिवाय एच-४ वर गेली की तिची ओपीटी संपली, नोकरी संपली. वकीलबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, तुझं एफ-१ आणि ओपीटी सांभाळ, काम त्याच ईएडीवर, म्हणजे ओपीटीच्या वर्क परमिटवर, कर, ग्रीन कार्डचा अर्ज त्याच्या जोडीला चालू राहील, काही कारणाने तो अडकला तरी ओपीटी आहे तोवर तुझं स्वतःचं स्टेटस शाबूत. मला हा सल्ला फार पटतो. इथे येणाऱ्या किती मुली लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात स्वतःचं स्टेटस सोडून देतात, कुणीतरी सांगितलं म्हणून, आणि मग नवऱ्याची नोकरी गेली की साठ दिवसांच्या ग्रेस पिरियडमध्ये दोघांचीही धावपळ. ती म्हणाली, करते. उद्याच अर्ज देऊ.

मग कामाला लागलो. मॅनहॅटनला सिटी क्लार्ककडे लग्नाचं लायसन्स मिळाल्यावर चोवीस तासच थांबावं लागतं, पण तिथली अपॉइंटमेंट लगेच मिळेना. न्यू जर्सीत अर्ज केल्यापासून बहात्तर तास थांबायचं, फी अठ्ठावीस डॉलर, सोबत एक सज्ञान साक्षीदार, आणि आधी घटस्फोट झाला असेल तर त्याची डिक्री. डिक्री होती, पण नाशिकच्या कोर्टाची आणि पूर्ण मराठीत. तिचं इंग्रजी भाषांतर आणि खाली भाषांतरकाराचं सर्टिफिकेशन, ते त्या रात्री मी घरी बसून केलं. दुसऱ्याचा मोडलेला संसार ओळीओळीने वाचायचा म्हणजे जड जातं, तो माणूस दिवसभर समोर बसलेला असताना तर जास्तच. पण शुक्रवारी सकाळी रजिस्ट्रारच्या ऑफिसात अर्ज गेला, आणि बुधवारी ३१ जुलैला त्यांच्या गावच्या मेयरने लग्न लावलं. मुलीने साधी इरकली नेसली होती, फोटो मला पाठवला, फाईलमध्येही लावला.

पुढचं सगळं भराभर. तिचा आय-४८५, एप्रिल २०२४ पासून त्याची फी चौदाशे चाळीस डॉलर, सिव्हिल सर्जनकडून, म्हणजे इथल्या इमिग्रेशनने नेमलेल्या डॉक्टरकडून, मेडिकल, आणि तिच्या जन्मदाखल्यावर तिचं नावच नव्हतं, हे आपल्याकडे इतकं होतं, त्यामुळे आई आणि मामाची ॲफिडेव्हिट्स मागवली. तिचा अर्ज ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. आणि तो गेल्यावर चारच दिवसांनी त्याचं अप्रूव्हल आलं. त्या दिवशी वकीलबाई उठून माझ्या डेस्कपाशी आल्या, आम्ही दोघींनी त्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या.

डिसेंबरचं नाशिक मात्र झालं नाही. तिचा ४८५ पेंडिंग असताना एपी हातात आल्याशिवाय ती देशाबाहेर गेली असती तर अर्ज सोडून दिला असंच धरलं गेलं असतं, आणि एपी काही वेळेत आली नाही. हॉलचे पैसे गेले. आई खूप नाराज झाल्या, ते साहजिकच होतं. शेवटी एप्रिलमध्ये दोन्हीकडचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर इकडे आले आणि मुहूर्त काढून, अंतरपाट धरून लग्न लागलं, मला अक्षतांना बोलावलं होतं. तिचं कार्ड त्यानंतर उन्हाळ्यात आलं.

तेव्हापासून मी एक यादी ठेवते. ज्यांचं ४८५ पेंडिंग आहे आणि मॅरिटल स्टेटसला सिंगल किंवा डिव्होर्स्ड आहे अशा सगळ्यांची. दर महिन्याला बुलेटिन आलं की आधी त्यांना फोन जातो, लग्न ठरलंय का, ठरत असेल तर तारीख पक्की करायच्या आधी आम्हाला सांगा. काल एकाला केला तर म्हणाला, ताई, अजून मुली बघणं चालू आहे. मी म्हटलं, बघा निवांत, पण दिल्लीचं तिकीट काढा नाहीतर साखरपुडा ठरवा, आधी मला एक मेसेज टाका.