‘दे लिव्ह’ची नोंदवही: एलियन बाजूला, आता फितुरांकडे

मंडळी, नोंदवही बरीच पुढे सरकली आहे. नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. लपलेल्या परग्रहवासीयांचे सिनेमे घ्यायचे, शॉट-शॉट करून पाहायचे आणि त्यांना गुप्त संघटनांचं रूपक म्हणून वाचलं तर ते वाचन कुठवर टिकतं ते तपासायचं, असा हा उद्योग. सध्या सगळा वेळ जॉन कार्पेंटरचा १९८८ सालचा ‘दे लिव्ह’ खातोय. आधी तक्त्यात दोनच रकाने होते: या शॉटमध्ये खरं काय ते कोणाला माहीत आहे, आणि कोणाला ते दिसतंय. आता तिसरा आखलाय: कोण आत आलं, आणि कसं? या रकान्यानं सगळा सिनेमाच फिरवून ठेवला.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेलच. नादा हा बेकार मजूर पाठीवर पिशवी टाकून लॉस एंजेलिसला येतो, बांधकामावर काम धरतो आणि बेघरांच्या वस्तीत राहायला लागतो. समोरच्या चर्चमध्ये त्याला काळ्या चष्म्यांचं खोकं सापडतं. चष्मा घातला की जग कृष्णधवल होतं, जाहिरातींच्या जागी हुकूम दिसतात आणि सुटाबुटातल्या कित्येक माणसांच्या जागी कवटीसारखे चेहरे. इथवर ‘ते’ आणि ‘आपण’ अशी सरळ विभागणी आहे. बहुतेक जण सिनेमा इथेच लक्षात ठेवतात, कारण भिंतीवर लावायची पोस्टरं याच भागातून निघाली.

मला मात्र गुप्त संघटना सापडली ती शेवटाकडच्या मेजवानीत. नादा आणि त्याचा मित्र फ्रँक जमिनीखालच्या बोगद्यांतून चुकूनमाकून एका झगमगीत सभागृहाशी पोचतात. आत एलियन आणि माणसं एकाच टेबलावर जेवतायत. व्यासपीठावरून भाषण चालू आहे आणि त्यात काय सांगितलं जातं? तुम्हा प्रत्येकाचं उत्पन्न या वर्षी सरासरी ३९ टक्क्यांनी वाढलं! टाळ्या. अंगरख्यातले पुजारी, मेणबत्त्या, कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, यातलं काही म्हणजे काही नाही. भागधारकांची वार्षिक सभा चाललीय. कार्पेंटरचा सगळ्यात तिरका विनोद हाच, असं आता माझं मत झालंय. चष्म्याच्या दृश्याइतकं कौतुक या दृश्याच्या वाट्याला आलेलं नाही, हे मला पटत नाही.

त्यात भेटतो तो माणूस तर आपल्या तिसऱ्या रकान्यासाठीच जन्मलाय. जॉर्ज ‘बक’ फ्लॉवरनं रंगवलेला हा दाढीवाला भटक्या सुरुवातीला वस्तीत टीव्हीपुढे बसलेला असतो. कार्यक्रमात कोणाचं तरी चोरटं प्रसारण घुसलं की वैतागतो. शेवटी तोच टक्सिडो घालून समोर येतो आणि या दोघांनाही आत घेतलंय असं समजून खुशीत सगळा कारखाना फिरवून दाखवतो. गुपित फुटलं म्हणून घाबरत नाही, कारण त्याच्या लेखी ही दोघं आता घरचीच. गुप्त संघटनेचं वागणं याहून नेमकं मी तरी पडद्यावर पाहिलेलं नाही. बाहेरच्याशी चिडीचूप, आतल्यापुढे भरभरून. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेलनं १९०६ साली गुप्त संघटनांवरच्या निबंधात हाच धागा पकडला होता: गुपितात काय आहे याइतकंच, ते आपल्याकडे आहे आणि इतरांकडे नाही या जाणिवेला वजन असतं. भटक्याचा चेहरा बघा. त्याला मिळालेलं खरं बक्षीस तेच आहे. टक्सिडो वरकड.

एक जोडनोंद. सिनेमाचं मूळ म्हणजे रे नेल्सनची १९६३ सालची ‘एट ओक्लॉक इन द मॉर्निंग’ ही छोटीशी कथा. तिच्यात चष्मा नाही. संमोहनाच्या प्रयोगातून नायक जरा जास्तच जागा होतो आणि त्याला सरड्यासारखे मालक दिसू लागतात. मेजवानी ही सिनेमातली भर. म्हणजे मूळ कल्पनेत मालक आणि झोपलेले गुलाम होते, तिसरा वर्ग, स्वतःहून सामील झालेल्यांचा, कार्पेंटरनं घातला. तेही स्वतःच्या नावानं नाही. पटकथेवर नाव आहे फ्रँक आर्मिटेज. आर्मिटेज हे आडनाव भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथेतल्या पात्राचं. लपलेल्यांच्या सिनेमात लेखकही लपलेला, हे बघून मला हसूच आलं.

आता दुसरी गुप्त संघटना. हो, सिनेमात दोन आहेत, आणि गंमत म्हणजे गुप्त संघटनेची सगळी पारंपरिक सामग्री बंडखोरांच्या पदरात पडलीय. चर्चचा देखावा. बाहेर ऐकू येणारं समूहगान टेपवर वाजतंय. भिंतीत चोरकप्पा. ठरावीक लोकांनाच माहीत असलेल्या बैठका. आणि ओळख पटवणारी वस्तू म्हणजे चष्मा, पुढे कॉन्टॅक्ट लेन्स. सत्तेविरुद्धच्या गुप्त मंडळांचा इतिहासही असाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत कार्बोनारी होते, तरुण माझिनी त्यांच्यातलाच. कोळसे पाडणाऱ्यांच्या धंद्यातली नावं आणि खुणा त्यांनी आपल्या विधींसाठी उचलल्या होत्या. त्याआधी १७७६ साली बव्हेरियात इंगोलश्टाटला आडाम वाइसहाउप्टनं इल्युमिनाटी काढली. हा माणूस स्वतःला ‘स्पार्टाकस’ म्हणवून घेई. १७८५ पर्यंत तिथल्या शासकानं बंदी घालून ते प्रकरण जवळजवळ मिटवलं. जगावर राज्य करण्याचा आरोप ज्यांच्यावर आजही होतो, त्या संघटनेचं खरं आयुष्य दहा वर्षांच्या आसपास! तिची दंतकथा मात्र १७९७ साली बारुएल आणि रॉबिसन यांच्या पुस्तकांनी उभी केली. फ्रेंच राज्यक्रांतीमागे हेच लोक होते, असा त्यांचा दावा.

या सगळ्या वाचनाचा उपयोग मारामारीच्या दृश्यात झाला. नादा फ्रँकला म्हणतो चष्मा घाल, फ्रँक म्हणतो नाही घालणार. त्यावरून गल्लीत दोघं पाच मिनिटांहून जास्त वेळ एकमेकांना बडवतात. नादा झालेला रॉडी पायपर मुळात व्यावसायिक कुस्तीगीर आणि फ्रँक झालेला कीथ डेव्हिडही काही कमी नाही, त्यामुळे दृश्य दणकट झालंय. पण एवढं लांब का? तत्त्वज्ञ स्लावोय झिझेकनं २०१२ च्या ‘द पर्व्हर्ट्स गाइड टू आयडिऑलॉजी’ या माहितीपटात याचं उत्तर दिलंय: भ्रमातून बाहेर पडणं दुखतं, म्हणून माणूस त्याला जिवाच्या आकांतानं विरोध करतो. मला ते पटतं, पण आपल्या रकान्यात तेवढ्यानं भागत नाही. माझी नोंद अशी आहे की ही फ्रँकची दीक्षा आहे. फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुमंडळात नव्या उमेदवाराला डोळ्यांवर पट्टी बांधून आत आणतात आणि विधीच्या ठरलेल्या टप्प्यावर पट्टी काढून त्याला ‘प्रकाश’ दाखवतात. इथे उलटं घडतं. डोळ्यांवर काळी काच चढवली की दिसायला लागतं. आणि उमेदवार स्वखुशीनं आलेला नाही, त्याला ओढत आणलंय. मेजवानीतले लोक हसत आत गेले, बंडात मात्र रक्तबंबाळ होऊन शिरावं लागतं. हा विरोध मुद्दाम रचलाय की आपोआप झालाय, याच्याशी मला कर्तव्य नाही. तक्त्यात तो स्वच्छ दिसतोय.

नोटेचा शॉटही इथेच नोंदवते. चष्म्यातून वर्तमानपत्रवाल्याच्या हातातली नोट दिसते, तिच्यावर ‘हा तुझा देव’ एवढंच. एक डॉलरच्या नोटेवर १९३५ पासून पिरॅमिड आणि वरचा डोळा छापलेला आहे. कारस्थानवाद्यांचं ते लाडकं चित्र, खरं तर १७८२ च्या अमेरिकी राजमुद्रेतून आलेलं. कार्पेंटरला तो डोळा आयता हाताशी होता. त्यानं त्याला हातही लावला नाही. खुणा, सांकेतिक चिन्हं, उलगडायची कोडी यांच्या वाटेला न जाता थेट वाक्य छापलं. १९५७ पासून अमेरिकी कागदी नोटांवर देवावर विश्वास असल्याचं छापून येतच आहे. चष्म्यानं त्यात फक्त देव कोण ते सांगितलं.

आता जरा अवघड भाग. एलियन हे गुप्त संघटनेचं रूपक म्हणून मुळातच लंगडं आहे, या मतावर मी आलेय. संघटनेत माणूस शिरतो. एलियन जन्मानंच एलियन असतो. चेहरा सोलला की खाली दुसरी जात निघते, ही कल्पना रूपकात घातली की ते कधी वंशाच्या भाषेत घसरेल सांगता येत नाही. ‘दे लिव्ह’च्या बाबतीत ते प्रत्यक्ष घडलं. नवनाझी मंडळींनी तो ज्यूंच्या कथित जागतिक सत्तेबद्दलचा सिनेमा म्हणून मिरवायला सुरुवात केली, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये कार्पेंटरनं ट्विटरवर जाहीर सांगितलं की सिनेमा युप्पी आणि बेलगाम भांडवलशाहीबद्दल आहे, तो ज्यूंचा अर्थ म्हणजे बदनामी आणि खोटेपणा. रेगन काळात भराभर श्रीमंत झालेल्या तरुण वर्गावरचा हा राग आहे, हे चष्म्याच्या पहिल्या दहा मिनिटांतही कळतं. कवट्या दिसतात त्या महागड्या दुकानात आणि बँकेत. आणि मेजवानी हा तर वंशवादी वाचनाला सिनेमातूनच मिळालेला जवाब. तिथे बसलेल्या माणसांचा कुठल्याच रक्ताशी संबंध नाही, फक्त हिशेबाशी आहे. ज्यांना मेजवानी आठवत नाही तेच लोक हा सिनेमा उलटा वाचतात, असा माझा सरसकट आरोप आहे. भांडायचं असेल तर जरूर भांडा.

तुलनेसाठी आणखी दोन ठिकाणी तिसरा रकाना लावून पाहिला. १९५६ च्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्ये तो सरळ कोरा राहतो. तिथे कोणी सामील होत नाही. झोप लागते आणि शेंगेतून उगवलेली प्रतिकृती जागा घेते. निवड नाही, लालूच नाही. त्यामुळे साम्यवादाची भीती म्हणा किंवा साम्यवाद्यांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थीच्या काळातली मेंढरं म्हणा, दोन्ही वाचनं बसतात, गुप्त संघटना मात्र बसत नाही. १९६७-६८ ची ‘द इन्व्हेडर्स’ ही अमेरिकी टीव्ही मालिका थोडी जवळ येते. तिच्यातल्या अनेक एलियनांची करंगळी वाकत नाही, त्यावरून ते ओळखू येतात. पण ही करंगळी म्हणजे व्यंग आहे, खूण नव्हे. मेसनची हात मिळवण्याची पद्धत तो स्वतः दाखवतो, समोरचा आपला आहे का हे चाचपायला. लपवता न येणारी खूण आणि मुद्दाम दाखवलेली खूण यांत हा फरक आहे, आणि पुढच्या सिनेमांसाठी मी त्याचा वेगळा उपरकाना करणार आहे.

थोडं हातानं केलेलं कामही सांगते. चष्म्याचा शॉट घरी करून पाहतेय. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद, आणि एकच चौकट दोनदा टिपायची: आधी रंगीत पोस्टर, मग त्याच मापाचा पांढरा कागद काळ्या अक्षरांत. रस्त्यावरच्या मोठ्या फलकांसाठी सिनेमात मॅट चित्रं, म्हणजे रंगवून शॉटमध्ये मिसळलेली चित्रं, वापरली होती. आपल्याला ती चैन नको, भिंतीवरचा कागद पुरतो. सावली हाच खरा शत्रू. दोन्ही शॉटमध्ये ऊन सरकलं की डोळ्याला लगेच कळतं, म्हणून ढगाळ दिवस सोयीचा. रंग काढताना नुसतं सॅच्युरेशन शून्यावर आणलं तर चित्र राखाडी आणि मरगळलेलं दिसतं. कॉन्ट्रास्ट वाढवून पांढरा कागद जवळजवळ जळू द्यावा लागतो. अक्षरांचं म्हणाल तर नक्षी अजिबात नको. शिरोरेषा जाड आणि सलग ठेवली की कागद सरकारी नोटिशीसारखा दिसायला लागतो, आणि इथे तेच हवंय. दोनाहून जास्त शब्द लिहिले की दरारा गेलाच.

हे जमलं की माझ्या लघुपटात जाणार. पटकथेचा कच्चा खर्डा तयार आहे. त्यात एलियन ठेवलेलाच नाही. चष्म्यातून सगळे चेहरे माणसांचेच दिसतात, फक्त सामील झालेल्यांच्या अंगावर करारातली कलमं छापलेली. ‘दे लिव्ह’नं जे दृश्य दाखवलंच नाही ते मला लिहायचंय: भटक्याला आत घेतलं तो क्षण. त्याच्यापुढे काय ठेवलं, त्यानं काय विचारलं, किती वेळ घेतला? माझा अंदाज, फारसा घेतला नसणार. सध्या हे दृश्य फार बोलकं झालंय. निम्मे संवाद कापायचे आहेत.

तक्त्यातली एक ओळ मात्र अजून रिकामी आहे, आणि तिथे मला तुमची मदत हवीय. मेग फॉस्टरची हॉली. ती टीव्ही वाहिनीत काम करते, नादाला खिडकीतून ढकलून देते, पुढे बंडखोरांच्या बैठकीत अवतरते आणि शेवटी फ्रँकला गोळी घालते. ती फितूर आहे हे नक्की. पण कधीपासून? नादानं तिला ओलीस धरलं तेव्हाच ती आतली होती, की त्या प्रसंगानंतर तिला कोणी गाठलं? सिनेमा सांगत नाही. तिच्या घरातल्या दृश्यात ती जवळजवळ सगळा वेळ नादाकडे पाहत राहते, आणि फॉस्टरच्या त्या फिक्या डोळ्यांमुळे नजरेतून काहीच हाती लागत नाही. आता पुढची फेरी फक्त हॉलीचे शॉट घेऊन करणार आहे, आवाज बंद ठेवून. बैठकीत ती आल्यावर किती वेळात छापा पडतो, आणि तेवढ्यात ती दाराकडे बघते का, हे कोणी आधीच टिपून ठेवलं असेल तर कळवा.