बोटाने केलेली भटकंती

बडोद्यात कमाटीबागेत भेटायचं ठरलं की "काळ्या घोड्यापाशी ये" एवढं सांगितलं तरी पुरतं. त्यासाठी नकाशा कुणी उघडत नाही. मला मात्र रात्री जेवणं आटोपली की फोनवर बागेचा नकाशा उघडून बसायची खोड लागली आहे. "अहो, बाग काय पळून जातेय? सकाळी जाऊन या की!" हे बायकोचं ठरलेलं वाक्य. जातोच. पण ही मजा वेगळी.

१८७९ साली सयाजीराव महाराजांनी उभारलेली ही बाग आमच्या डोक्यात तुकड्यातुकड्यांनीच आहे. म्युझियम, फुलांचं घड्याळ, झुकझुकगाडी, पिंजऱ्यातला वाघ. मधली जागा म्हणजे आईचा हात धरून केलेली पायपीट. नकाशावर ही मधली जागाच आधी डोळ्यांत भरते. दोन बोटं फाकवत आत शिरावं, तसतशा वाटा उमटत जातात. यामागचं गणित गमतीचं आहे. सुरुवातीला अख्खी पृथ्वी एकाच चौकोनात मावते, मग दर पायरीला एका चौकोनाचे चार होतात. सतराव्या पायरीला १७०० कोटींच्या वर! बिचारा फोन त्यातले माझ्यापुरते चारदोन मागवून घेतो.

उपग्रहाचं चित्र लावलं तर वडापिंपळांखाली सगळं हिरवंगार, वाट दिसेल तर शपथ. ती कुणीतरी चालूनच नोंदवावी लागते. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून भरायच्या नकाशावर ही नोंद तुम्हीआम्हीही करू शकतो. वाट फरसबंदी की मातीची, पायऱ्या आहेत का, चाकाची खुर्ची जाईल का, हेही भरता येतं. मला विचाराल तर उपाहारगृहांच्या ताऱ्यांपेक्षा हे शंभरपट मोलाचं. शेजारच्या आजींना गुडघ्यांमुळे दोन पायऱ्यासुद्धा जड जातात. बाग किती सुंदर आहे याचं त्यांना काय करायचंय?

झाडांचा आणखी एक खोडसाळपणा आहे. दाट पानांतून येताना उपग्रहाचा सिग्नल क्षीण होतो, वाकडातिकडा पोचतो, आणि आपला निळा ठिपका भरकटतो. परवा मी बाकावर निवांत बसलो होतो आणि फोनच्या मते विश्वामित्रीच्या पात्रात उभा होतो. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोदेकराला सांगायला नको. पाय उगाचच वर घेतले.

त्या नदीची निळी रेघ धरून बोट उलटं, वरच्या अंगाला नेत राहिलं की शहर विरळ होतं, शेतं लागतात आणि शेवटी पावागड येतो. विश्वामित्री तिथलीच. लहानपणी पावागडची सहल वेगळी, कमाटीबाग वेगळी. एकाच पाण्याची ही दोन टोकं आहेत हे शाळेत कुणी सांगितलं असेलही, पण पटलं ते बोटाला.

पावागडावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, एकमेकींना अगदी खेटून बसलेल्या दिसतात, म्हणजे चढ चांगलाच उभा. रोपवेची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ, पायऱ्यांची वळत वळत जाणारी. "दिवाळीनंतर पायऱ्यांनी चढू," असं मी म्हटलं मात्र, बायकोने फोन ओढून घेतला आणि नकाशावर चहाच्या टपऱ्या शोधायला लागली.