चौतीस हजारांचं कोटेशन

त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत क्षितिज उजवीकडे कलायला लागलं. खिडकीबाहेरचं नव्हे, विमानाच्या पॅनेलवरचं.

२०२१ चा ऑक्टोबर. डेटनचं एअर फोर्स म्युझियम बघून मी आणि लेक परत कोलंबसकडे येत होतो. ती शेजारच्या सीटवर हेडसेट घालून गाढ झोपलेली. सूर्य पाठीमागे, समोर ओहायोची सपाट शेतं आणि मक्याच्या कापणीच्या धुळीचा पिवळट पडदा. मी सरळ चाललो होतो, पण क्षितिज दाखवणारा ॲटिट्यूड इंडिकेटर म्हणत होता की तू डावीकडे झुकलायस. हात नकळत उजवीकडे गेलाही. लगेच विमानाचं वळणं दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर म्हणाला, तू उजवीकडे वळतोयस. दोघांतला एक नक्की खोटं बोलत होता. सक्शनचा गेज बघितला, तर काटा शून्यावर.

व्हॅक्यूम पंप मेला होता. आमच्या विमानात क्षितिज दाखवणारं आणि दिशा दाखवणारं, अशी दोन्ही यंत्रं हवेवर चालायची. इंजिनला जोडलेला पंप हवा ओढणार, त्या हवेच्या झोतावर आतले जायरो गरागरा फिरणार. पंपाच्या आत कार्बनच्या पट्ट्या असतात. त्यातली एखादी तुटली की पंप न सांगता सवरता बंद. जायरो मात्र लगेच पडत नाही. भोवऱ्याचा जोर ओसरतो तसा तो हळूहळू कलत जातो, आणि वैमानिक त्याच्यावर विश्वास ठेवून त्याच्यामागे विमान कलवत जातो. मला बाहेरचं खरं क्षितिज दिसत होतं म्हणून ठीक. ढगात दिसलं नसतं.

लेक उतरल्यावर जागी झाली. घरी मी एवढंच सांगितलं की एक पार्ट गेलाय.

आता विमान म्हटल्यावर कऱ्हाडकडचे लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात, तेव्हा आधी खुलासा. आमचं पायपर चेरोकी १४० हे १९६८ सालचं आहे, १५० हॉर्सपॉवरचं. २०१६ मध्ये २६,००० डॉलरला घेतलं, तेही एका निवृत्त शाळामास्तरांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत. इथे बरी एसयूव्ही याहून महाग पडते. मी इन्शुरन्स कंपनीत कोड लिहितो आणि दर महिन्याला हँगरचं भाडं भरताना तोंड वाकडं करतो.

पंप बदलायचाच आहे तर सगळं पॅनेलच नवं करू, या उत्साहात एका दुकानातून कोटेशन मागवलं. दोन मोठे स्क्रीन, जीपीएस नॅव्हिगेटर, ऑटोपायलट, नवा रेडिओ, नवा ट्रान्सपाँडर. एकूण ३४,००० डॉलर. भागीदाराने चष्मा वर करून कागद पुन्हा वाचला आणि विचारलं, यात विमान पण येतं का?

दुकानाचा दोष नाही. सर्टिफाइड विमानात साधा दिवा बसवायचा तरी त्यामागे कागद लागतो. सरकारी मंजुरीच्या साच्यात न बसणाऱ्या, घरी बांधलेल्या विमानात, म्हणजे एक्स्परिमेंटल विमानात निम्म्या किमतीला मिळतं. पण एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, गेल्या काही वर्षांत एक शहाणपणा केला. जुन्या विमानांत नवी सुरक्षित यंत्रं बसवणं सोपं केलं. गार्मिन कंपनीचं जी५, क्षितिज किंवा दिशा दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक स्क्रीन, आधी एक्स्परिमेंटलवाल्यांसाठी आलं आणि २०१६ मध्येच आमच्यासारख्या सर्टिफाइड विमानांच्या लांबलचक यादीलाही मंजुरी मिळाली. जुन्या गोल भोकात बरोब्बर बसतं, आत फिरणारं काही नाही, आणि विमानाची वीज गेली तर स्वतःच्या बॅटरीवर चार तासांपर्यंत चालतं.

मग वही घेऊन बसलो आणि एकच प्रश्न लिहिला: पॅनेलवर खोटं कोण बोलतं? रेडिओ नाही. आमचा किंग केएक्स १७०बी म्हातारा आहे, बटणं खटाक्‌ खटाक्‌ वाजतात, पण आवाज स्वच्छ. युरोपात असतो तर रेडिओ चॅनेल जवळजवळ आणणाऱ्या ८.३३ किलोहर्ट्‌झच्या नियमाने त्याला कधीच भंगारात जावं लागलं असतं, अमेरिकेत अजून चालतो. त्याच्या जोडीचा व्हीओआर, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनवरून दिशा सांगणारं यंत्र, ॲपलटनच्या स्टेशनवरून अजून सरळ घेऊन जातो. विमानाची जागा सतत रेडिओवरून कळवणाऱ्या एडीएस-बी आऊटचं काम २०१९ मध्येच उरकलं होतं, कारण १ जानेवारी २०२० पासून कोलंबसच्या मोठ्या विमानतळाच्या हवाई हद्दीत त्याशिवाय प्रवेश नाही. त्यासाठी पंखाच्या टोकाचा लाल दिवा काढून त्या जागी दिवा आणि ट्रान्समीटर एकत्र असलेला स्कायबीकन लावला होता. नवी वायर ओढायची नाही, म्हणून मेकॅनिकचे तास वाचले.

हवामान आणि आजूबाजूची विमानं बघायला पॅनेलमध्ये काही लागतच नाही. रास्पबेरी पाय, दोन यूएसबी रेडिओ आणि एक जीपीएस जोडून स्ट्रॅटक्स नावाचा डबा मी दोन शनिवारांत घरी बनवला. तो आयपॅडला वायफायने सगळं देतो. जमिनीवरच्या एफएएच्या टॉवर्सवरून येणारी ही माहिती इथे फुकट आहे. ज्याच्यासाठी कोटेशनमध्ये साडेचार हजार मांडले होते, ते दोनशेत झालं. कागदोपत्री तो पॅनेलचा भाग नाही, त्याच्या भरवशावर ढगात घुसायचं नाही, हे खरं. पण समोरून सेस्ना येतंय हे मला तो माझ्या डोळ्यांआधी सांगतो.

म्हणजे खोटं बोलणारे दोघेच उरले, दोन्ही हवेवर चालणारे. दोन जी५ घ्यायचे, एक क्षितिजाला, एक दिशेला, आणि व्हॅक्यूमचं अख्खं खटलं काढून टाकायचं. दोघांना मिळून साधारण सव्वापाच हजार. मजुरी वाचवायची तर काम स्वतः करायचं. कायद्याने ते चालतं, अट एवढीच की लायसन्सवाल्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली करायचं, त्याने तपासून लॉगबुकात सही करायची आणि इन्स्पेक्शनचा अधिकार असलेल्याने बदलाची नोंद करणारा फॉर्म ३३७ भरायचा. आमच्या मेकॅनिककडे दोन्ही अधिकार आहेत. त्याने एकच अट घातली: "झाकण्याआधी मला दाखवायचं. झाकलेलं मी पुन्हा उघडतो आणि उघडण्याचे पैसे लावतो."

डिसेंबरात काम सुरू केलं. चेरोकीला एकच दार, तेही उजवीकडे. पॅनेलखाली जायचं तर सीट काढून, पाठ जमिनीवर, पाय मागच्या बाकावर, टॉर्च दातांत. पहिले चार शनिवार मी काहीच बसवलं नाही, नुसतं काढत होतो. या विमानाला माझ्याआधी सात मालक होऊन गेले आणि प्रत्येकाने काहीतरी घातलं, काढलं कुणीच नाही. एक लोरान होता, जीपीएसच्या आधीचं जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनांवरून जागा सांगणारं यंत्र. लोरानची अमेरिकेतली स्टेशनं २०१० च्या फेब्रुवारीत बंद झाली, हा गडी मात्र तेव्हापासून आमच्याबरोबर फुकट फिरत होता. एडीएफ, म्हणजे रेडिओ स्टेशनकडे काटा वळवणारा जुना दिशादर्शक होता, पोटाखालच्या ॲन्टेनासह. कुठेच न जाणाऱ्या वायरी होत्या, चिकट काळ्या टेपात गुंडाळलेल्या. एका ठिकाणी तर घराच्या वायरिंगमधली पिळून बसवायची प्लास्टिकची टोपी निघाली. मेकॅनिकने ती खिशात घातली, म्हणाला, नव्या पोरांना दाखवायला होईल.

काढलेली प्रत्येक वस्तू तोलावी लागते, कारण विमानाच्या रिकाम्या वजनाचा आणि गुरुत्वमध्याचा नवा हिशोब मांडायचा असतो. माझ्याकडे काटा होता तो भारतात जाताना बॅगा तोलायचा, हुकवाला. तेवीस किलोच्या पुढे एक ग्रॅम गेला तर चकल्यांचं पाकीट कुणी काढायचं यावर ज्याच्यासमोर आमच्या घरात भांडणं होतात, तोच. त्याला लोरान लटकवला, एडीएफ लटकवला, पंप, नळ्या, दोन्ही जायरो, वायरींचं भेंडोळं. सगळं मिळून साडेअकरा किलो. मेकॅनिकने अंतिम हिशोबासाठी अर्थात स्वतःचा काटा वापरला, पण दोघांत शंभर ग्रॅमचाही फरक नव्हता हे मी त्याला दोनदा सांगितलं.

मग जोडणी. आणि इथे आण्णा आले.

माझ्या वडिलांचं कऱ्हाडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मर्फी आणि फिलिप्सपासून सुरुवात, मग ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. लहानपणी रविवारी ते मला सायकलवर बसवून विमानतळावर न्यायचे. कोयनेच्या धरणाच्या कामासाठी पन्नासच्या दशकात बांधलेली ती धावपट्टी, बहुतेक रविवारी तिथे म्हशींशिवाय काही नसायचं. दुकानातला राळेचा वास आणि सोल्डरिंगचा धूर हे माझं बालपण. त्यामुळे शनिवारी सकाळी, म्हणजे त्यांच्याकडच्या संध्याकाळी, हँगरमधून व्हिडिओ कॉल लावून मी त्यांना वायरींची जुडी अभिमानाने दाखवली.

"आरं, ह्याला सोल्डर मारला न्हाईस व्हय?"

"नाही आण्णा. विमानात क्रिम्प करतात. पिन दाबून बसवायची."

"दाबून? आन् निसटली म्हंजे?"

नवख्याला तसंच वाटतं. बारीक, टेफझेल प्लास्टिकच्या आवरणाची वायर, बावीस गेजची, टोकाचं तीन-चार मिलिमीटर सोलायचं, एकही धागा न कापता. ती नळीसारख्या पोकळ पिनीत घालायची. पिनीला बारीकसं भोक असतं, त्यातून तांबं दिसलं पाहिजे. मग क्रिम्परचा दांडा दाबायचा. पूर्ण दाबल्याशिवाय तो सोडत नाही, अर्धवट कामाला वावच नाही. चारही बाजूंनी पिन तारेत रुतते. मग ओढून बघायची. चांगला क्रिम्पर फार महाग, म्हणून मी इथल्या एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनच्या शाखेतून उसना आणला. पिन कनेक्टरच्या मागून सारली की बारीक 'टिक्‌' होतं, आवाजापेक्षा बोटाला जास्त कळतं. ते झालं नाही तर ती बसलेली नाही.

आण्णांना पटेना. मी सांगितलं की सोल्डर तारेच्या धाग्यांत आत चढतो, जिथवर चढतो तिथवर तार काडीसारखी कडक होते, आणि इंजिनाच्या थरथरीने ती कडक-मऊ सीमेवरच तुटते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एसटीतल्या रेडिओचं असंच व्हायाचं. मला वाटायचं माझा हात हलतूय." चाळीस वर्षांपूर्वीच्या एका गिऱ्हाइकाची त्यांना आठवण आली, तो बिचारा दर महिन्याला यायचा.

माझी खरी फजिती झाली ती दिशेच्या जी५ची. त्याला पंखात एक मॅग्नेटोमीटर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, बसवावा लागतो, लोखंडापासून लांब. बसवला. विमान लेव्हल केलं. चेरोकीला डाव्या खिडकीखाली दोन स्क्रू असतात, ते थोडे बाहेर काढायचे आणि त्यांच्या डोक्यावर स्पिरिट लेव्हल ठेवायची, इतकं सोपं. मग आसपासच्या लोखंडाचा-विजेचा त्यावर परिणाम होतो का ती चाचणी लावली आणि यंत्राने मला नापास केलं. पुन्हा लावली, पुन्हा नापास. दोन शनिवार मी वायरी तपासत बसलो. शेवटी लेक घरून फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट घेऊन आली आणि पंखाखाली एकेक स्क्रूला लावत निघाली. मॅग्नेटोमीटरच्या झाकणाच्या सहापैकी दोन स्क्रूंना गणपती चिकटला. पितळी पुरेसे नव्हते म्हणून डब्यातले मिळाले ते दोन मीच लावले होते, आणि सूचनापत्रात 'लोखंडी नको' हे ठळक अक्षरांत होतं. ते बदलले, चाचणी पास. मग हँगरबाहेरच्या मोकळ्या फरशीवर विमान थांबत थांबत गोल फिरवून कॅलिब्रेशन केलं. यंत्र सांगणार वळा, आपण वळायचं. थांबा म्हणालं की थांबायचं.

उंची आणि वेग मोजणाऱ्या यंत्रांना बाहेरच्या हवेचा दाब पोचवणाऱ्या स्टॅटिकच्या नळ्या उघडल्या होत्या म्हणून गळतीची चाचणी करायला बाहेरून टेक्निशियन आला, ते तीनशे. मेकॅनिकचे तास, वायर, पिना, ब्रेकर, नवा इंटरकॉम, सगळं धरून साडेसात हजारांच्या थोडं वर गेलो. हेडसेटवरून आपसात बोलायचा हा इंटरकॉम आधी नेटवरून जुना घेतला होता, 'चालू स्थितीत काढलेला'. डबा आला, ट्रे नाही, कनेक्टर नाही, वायरिंगचा नकाशा नाही. तेवढं वेगळं घ्यायला गेलो तर नव्याची किंमत झाली. तो अजून शेल्फावर आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

मार्चमध्ये पहिल्यांदा इंजिन चालू केलं. दोन्ही क्षितिजं, आतलं आणि बाहेरचं, एकमेकांना धरून उभी. आणि हेडसेटमध्ये शिट्टी. इंजिन वाढवलं की बारीक व्हायची, कमी केलं की जाडी. पुन्हा पॅनेलखाली, पुन्हा टॉर्च दातांत, काही सापडेना. शनिवारी आण्णांना फोन लावला आणि हेडसेटची एक बाजू फोनला धरली.

"मशीन वाढवलं की शिट्टी बी चढती का?"

"हो."

"डायनामोचा आवाज हाय. अर्थिंग दोन ठिकाणी केलंस. हेडफोनची जॅक कशात बसवलीस?"

"पत्र्यात."

"मधी काय घातलंस?"

काहीच घातलं नव्हतं. जॅक थेट ॲल्युमिनियमला टेकलेला होता. एक अर्थ वायरमधून, दुसरा पत्र्यातून. फायबरचे वॉशर मागवले, चार जॅकसाठी आठ, पोस्टेज धरून सहा डॉलर. बसवल्यावर हेडसेटमध्ये नुसती शांतता, आणि मागे केएक्स १७०बीची हलकी खरखर.

एडीएफ आणि लोरानच्या जागी आता पत्र्याची दोन कोरी झाकणं आहेत. परवा आण्णांनी विचारलं, त्या भोकात काय बसवणार? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "मग रंग तरी दे."